चार दिवसांची सुट्टी, तीन दिवसांची मेहमाननवाजी

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे जालना जिल्ह्यातील सर्वांत सुखाचे दिवस. पाऊस संपलेला असतो. कापसाची वेचणी चालू असते, तुरीला फुले-शेंगा लागलेल्या असतात आणि बाजारात मोसंबीचे ढीग दिसतात. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, पण दुपारी अंगणात बसले की ऊन अंगाला गोड लागते. याच दिवसांत अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत झाडे बोडकी झालेली असतात, दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि काही ठिकाणी बर्फही पडू लागतो. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो, "अम्मी, थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे. यंदा तिकडेच येतो. मुलांनाही जरा ऊन मिळेल."

फोन ठेवला की घरात ईदच येते. गाद्या उन्हात पडतात, भिंतींना रंग लागतो, मसाले कुटले जातात. मात्र पाहुणे येऊन गेल्यानंतर अनेक घरांत आनंदाबरोबर एक खंतही मागे राहते. आई-वडिलांना वाटते की मुलगा आला, पण भेटलाच नाही. मुलाला वाटते की एवढा खर्च करून आलो आणि सगळे दिवस दावतींतच गेले. घरातल्या सुनेला तर काही वाटून घ्यायलाही सवड मिळालेली नसते. सगळ्यांचे एकमेकांवर प्रेम असूनही असे का होते? थोडा विचार आणि थोडे नियोजन केले तर हे टाळता येणार नाही का?

ही सुट्टी आहे तरी काय?

थँक्सगिव्हिंग म्हणजे आभार मानण्याचा दिवस, आपल्या भाषेत शुक्रगुजारीचा दिवस. 1621 साली अमेरिकेतील प्लिमथ येथे इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांना पहिले चांगले पीक मिळाले आणि त्यांनी तेथील वाम्पानोआग या मूळ रहिवाशांसोबत तीन दिवस जेवणे केली, असा या सणाचा उगम सांगितला जातो. 1863 मध्ये यादवी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला. 1941 च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. कॅनडात हाच दिवस ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या मूळ रहिवाशांनी नवख्या माणसांना आधार दिला, त्यांच्याच जमिनी पुढे गेल्या. म्हणून 1970 पासून त्यांच्यातील अनेक जण प्लिमथ येथे याच दिवशी शोकदिन पाळतात. पाहुण्याने यजमानाचे घरच बळकावले तर त्या मेजवानीचे काय उरते, हा प्रश्न आपल्या मुलांनाही कळायला हवा.

अमेरिकेतील मुसलमानांमध्ये या दिवसाबद्दल एकमत नाही. काही उलमा याला धार्मिक सण न मानता कुटुंबाने एकत्र बसण्याचा दिवस मानतात, तर काही जण यापासून दूर राहणेच पसंत करतात. अनेक घरांत हलाल टर्की आणून नातेवाईक जमतात, तर अनेक मशिदींतून त्या आठवड्यात गरजूंना अन्न वाटले जाते. आपल्यापुरती गोष्ट सोपी आहे. आपल्याला तो दिवस साजरा करायचा नाही, त्या सुट्टीत आलेल्या आपल्या माणसांसोबत राहायचे आहे. आणि शुक्र अदा करायला मोमिनाला वर्षातला एक गुरुवार कशाला लागतो? शुक्र केल्याने अल्लाह अधिक देतो, हे अभिवचन कुरआनात सूरह इब्राहीममध्ये आलेले आहे आणि ते बाराही महिन्यांसाठी आहे.

दिवसांचा हिशेब

आता जरा बोटांवर हिशेब करू. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते आणि शनिवार-रविवार धरून चार दिवस होतात. काही शाळा पूर्ण आठवडा बंद असतात. समजा, मुलाने सोमवार ते बुधवार रजा काढली आणि तो शुक्रवारी रात्री निघाला. तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या आणि आपल्या घड्याळात त्या दिवसांत साडेदहा तासांचा फरक असतो. शनिवारी रात्री तो मुंबईत उतरेल आणि रविवारी दुपारपर्यंत जालन्याला पोहोचेल. परतीसाठी पुढच्या शनिवारी सकाळी घर सोडावे लागेल. म्हणजे हाती राहिले जेमतेम साडेपाच-सहा दिवस.

त्यातला पहिला दिवस मुले झोपेतच काढतात, कारण त्यांच्यासाठी दिवसाची रात्र झालेली असते. दोन दिवस मामा, खाला, फुफूंच्या घरच्या दावतींत जातात. आणि "इतक्या लांब आलोच आहोत, तर मुलांना समुद्र दाखवून आणू" म्हणून तीन दिवस गोव्याला गेले, तर दादा-दादींच्या वाट्याला काय येते? सामान बांधण्याची एक संध्याकाळ.

गोव्याला जाण्यात काही गैर नाही. थंडीतून आलेल्या मुलांना ऊन आणि समुद्र हवासा वाटणारच. पण मग आई-वडिलांनाही सोबत न्यावे. दादीच्या गुडघ्यांना झेपेल असा मुक्काम निवडावा. तेही शक्य नसेल तर समुद्र पुढच्या मोठ्या सुट्टीसाठी ठेवावा. ऊन तर जालन्यातही आहे आणि ज्यांच्यासाठी आलो ती माणसेही इथेच आहेत. आई-वडील म्हातारपणाला पोहोचले तर त्यांना 'उफ्'सुद्धा म्हणू नका, अशी ताकीद सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. ज्या आई-वडिलांना 'उफ्' म्हणायचे नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत टॅक्सी भरून निघून जाणे त्यांना काय वाटत असेल, याचा विचार मुलांनी करावा. आणि आई-वडिलांनीही मनात कुढत न बसता आधीच फोनवर मोकळेपणाने सांगावे, "बेटा, तीन दिवस आमच्याजवळ पाहिजेत." मागितल्याशिवाय मिळत नाही आणि आपल्याच लेकराकडे मागण्यात कमीपणाही नाही.

पाहुणा कोण, यजमान कोण?

हजरत इब्राहीम (अलै.) यांच्याकडे आलेल्या अनोळखी पाहुण्यांची हकिकत सूरह जारियातमध्ये आहे. त्यांनी पाहुण्यांना "जेवणार का?" असे विचारत बसवले नाही. ते गुपचूप घरात गेले आणि भाजलेले वासरू आणून पाहुण्यांसमोर ठेवले. मेहमाननवाजीचा हा आपला वारसा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अल्लाहवर आणि आखिरतवर ईमान असणाऱ्याने पाहुण्याचा मान राखावा, अशी शिकवण दिली. बुखारीतील हदीसप्रमाणे एक दिवस-एक रात्र पाहुण्याची खास खातिरदारी आणि एकूण तीन दिवस मेहमाननवाजी हा त्याचा हक्क आहे. त्यापुढे जे केले जाईल तो सदका. त्याच हदीसमध्ये पाहुण्यालाही बजावले आहे की यजमान अडचणीत येईल इतके दिवस त्याने राहू नये.

किती समतोल शिकवण आहे ही! यजमानाला कर्तव्य सांगितले आणि पाहुण्यालाही मर्यादा सांगितली. आपण मात्र पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो.

शिवाय आपल्या घरी येतो तो मुलगा खरोखर पाहुणा आहे का? ज्या घरात तो वाढला, त्या घरात तो पाहुणा कसा होईल? पहिला दिवस त्याचे लाड जरूर व्हावेत. दुसऱ्या दिवसापासून त्याने घरचा मुलगा व्हावे. बाजारातून भाजी आणावी, अब्बूंना दवाखान्यात तपासणीला न्यावे, त्यांची औषधे समजून घ्यावीत, बँकेची आणि मोबाइलची अडलेली कामे मार्गी लावावीत. साठी-सत्तरीच्या आई-वडिलांना परदेशी चॉकलेटच्या डब्यापेक्षा या कामांची गरज अधिक असते.

चुलीपाशी कोण उभे आहे?

या सगळ्यात एका व्यक्तीकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे आई-वडिलांजवळ राहणारी सून. सकाळी खिचडी-खट्टा, पापड. दुपारी बगारा खाना आणि दालचा. रात्री बिर्याणी आणि वर डबल का मीठा. मधल्या वेळेत भेटायला येणाऱ्यांचा चहा. परदेशातून आलेली जाऊ दिवाणखान्यात बसलेली आणि ही पहाटेपासून ओट्याशी. कोणी वाईट वागत नाही, पण सहा दिवसांत दोघी जावांना एकमेकींशी दहा मिनिटे निवांत बोलता येत नाही. वर्षभर सासू-सासऱ्यांचे पथ्यपाणी, त्यांचे दुखणेखुपणे हीच सून बघते. तिच्यामुळेच दूर राहणारा मुलगा तिकडे निश्चिंत झोपू शकतो.

प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही. शुक्राच्या सुट्टीत आलेल्या मुलाने पहिले आभार आपल्या या भावजयीचे मानावेत, आणि तेही सर्वांसमोर. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (स.) घरी काय करत असत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. मग आपल्या पुरुषांनी कांदा चिरला, दस्तरखान घातले-उचलले, भांडी विसळली तर कोणाची शान कमी होणार आहे? अमेरिकेत तोच मुलगा रोज भांडी धुतो. जालन्याच्या स्टेशनवर उतरताच त्याचे हात का आखडतात?

एक साधी व्यवस्था करता येईल. सहा दिवसांत दोनच मोठी जेवणे ठेवावीत, एक आपल्याकडे सर्व नातलगांसाठी आणि एक मोठ्या नातेवाइकाकडे. बाकीच्यांना नम्रपणे सांगावे, "चहाला येतो." उरलेल्या दिवशी साधे जेवण करावे. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी आणि दही हे परदेशातून आलेल्यांना पंचतारांकित जेवणापेक्षा गोड लागते. तिकडे त्यांना ते मिळत नाही. बिर्याणी मात्र आता जगभर मिळते.

खर्चाचेही तसेच. पाहुण्यांसाठी नवा सोफा, नवे पडदे, बाथरूममध्ये नव्या फरशा आणि त्यासाठी हातउसने पैसे, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांना लागलेला रोग आहे. उधळपट्टी करणारे सैतानाचे भाऊ आहेत, इतक्या कडक शब्दांत कुरआन आपल्याला सावध करतो. हजरत उमर (रजि.) यांच्या तोंडून आलेली तकल्लुफ टाळण्याची शिकवणही बुखारीत नोंदलेली आहे. स्वच्छ चादर, उकळून गार केलेले पाणी, मच्छरदाणी आणि हसरा चेहरा एवढे पाहुण्याला पुरते. यातल्या पाण्याकडे आणि मच्छरदाणीकडे दुर्लक्ष मात्र करू नये. पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत डेंग्यू पसरतो आणि बाहेरून आलेल्या मुलांची पोटेही लवकर बिघडतात. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेली फळे यांना हात जोडावेत.

मुलांना जालना दाखवा

"तिथे मुले कंटाळतात हो, बघायला काहीच नाही," असे आपणच म्हणतो. ज्या शहराबद्दल 'जालना सोने का पालना' ही म्हण पडली, तिथे दाखवायला काहीच नसेल का?

शहरातील जुनी काळी मशीद दाखवावी. ती मशीद आणि मोती तलाव जमशेद खान यांच्या नावाशी जोडले जातात. तलाव बांधून गावाला पाणी देणे हाही सदका-ए-जारियाच. मुसाफिरांसाठी इथे सराईही होती. अनोळखी प्रवाशाला छप्पर आणि पाणी देणे हे एकेकाळी गावाचे काम मानले जाई, हे मुलांना सांगावे. निजामकाळातला घाणेवाडीचा तलावही पाहण्यासारखा आहे. जालनेकरांनी लोकवर्गणीतून त्यातला गाळ काढला, ही गोष्ट मुलांना अधिक आवडेल.

इतिहासाची आवड असलेल्या मुलांना असईला न्यावे. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या सैन्याची आणि ऑर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेची इथे लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. अमेरिकेतल्या शाळेत वॉटर्लू शिकणाऱ्या मुलाला दादाच्या जिल्ह्यातले असई माहीत असावे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहन काळात व्यापाराच्या वाटेवरचे हे मोठे गाव होते. तिथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतील पॉम्पेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी भोकरदनच्या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. आपल्या जिल्ह्याचे परदेशाशी नाते कालपरवाचे नाही.

हे सगळे एका दिवशी उरकू नये. एक दिवस शेतासाठी ठेवावा. आपली जमीन नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारावे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती मुलांना झाडावरून तोडू द्यावी. कापूस स्वतःच्या हाताने वेचू द्यावा. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडली की अंगातला टी-शर्ट कुठून आला हे आपोआप कळते. बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेले तुरीचे वाण शेतात उभे असेल, तर त्याच्या कोवळ्या शेंगा चाखून पाहाव्यात.

आणि त्या शेतकऱ्याला बोलते करावे. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात पाण्याविना मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकर आणून झाडे जगवली, काहींना उभी बाग तोडावी लागली. हे त्याच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला फळाचा आणि पाण्याचा शुक्र वेगळा शिकवावा लागत नाही. निघताना मोसंबीचे पैसे ठरल्या भावाने द्यावेत, घासाघीस करू नये.

बोलायला भाषा हवी

नातवंडे आणि दादा-दादी यांच्यामध्ये सर्वांत मोठी भिंत भाषेची असते. मुले इंग्रजी बोलतात, दादी दखनी आणि मराठी. दोघेही एकमेकांकडे पाहून हसतात आणि मग मूल मोबाइल उघडते. ही भिंत सहा दिवसांत पडणार नाही, पण तिला एक खिडकी नक्की पाडता येईल. येण्यापूर्वी महिनाभर मुलांना रोज एक वाक्य शिकवावे. इथे आल्यावर दादीसोबत पोळी लाटणे, दादासोबत फजरला मशिदीत जाणे, जुने फोटो पाहणे अशी कामे द्यावीत. त्यांत हात बोलतात, शब्द कमी लागतात. नाहीतरी वेळेच्या फरकामुळे मुले पहाटे तीन-चारला जागी होतातच. त्याच वेळी दादी तहज्जुदला उठलेली असते. सगळे घर झोपलेले असताना त्या दोघांना मिळणारा हा तास कोणत्याही सहलीपेक्षा मोलाचा आहे.

ज्यांच्या दारात कोणी येत नाही

शेवटी एक गोष्ट. आपल्या मोहल्ल्यात असेही एखादे घर असते, जिथे मुलगा चार वर्षांत आलेला नाही. कधी व्हिसाची अडचण, कधी नोकरी गेलेली, कधी चौघांच्या तिकिटांचे पैसे नाहीत. शेजारी दावतीचा खमंग वास सुटतो तेव्हा त्या घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला काय वाटत असेल? त्यांना डबा पाठवू नये. हाताला धरून आणून दस्तरखानवर बसवावे. आलेल्या मुलांना सांगावे, "हेही तुमचे दादा-दादी." ज्याची मेजवानी करतोय त्या बिर्याणीचा एक वाटा गल्लीतल्या गरजू घरी, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आधी जावा. दोघांचे जेवण तिघांना पुरते, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

आणि जाण्याच्या आदल्या रात्री, इशानंतर, सगळ्यांनी एकदा एकत्र बसावे. टीव्ही बंद, मोबाइल दूर. लहानथोर प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचे कशासाठी तरी आभार मानावेत. कोणी अम्मीचे, कोणी सुनेचे, कोणी रोज भांड्यांना येणाऱ्या बाईचे. तिकडे याला थँक्सगिव्हिंग म्हणतात, आपण शुक्र म्हणतो. नावावरून वाद नको. सकाळी गाडी दाराशी येईल, बॅगा चढतील, अम्मी दुआ पढून मुलांवर फुंकर घालतील. त्या वेळी डोळ्यांत पाणी येणारच. पण आई-वडिलांच्या मनात "आला होता, पण भेटला नाही" ही खंत राहू नये, एवढे आपल्या हाती आहे. अल्लाह सर्वांच्या लेकरांना सुखरूप घरी आणो आणि सुखरूप पोहोचवो. आमीन.